मालकाच्या मोटारीपुढे

तिप्पण्णा चिंताकीकर हा माणूस मोटार चालवीत असे, एवढी एकच गोष्ट त्याच्याविषयी सगळ्यांनी सारखी सांगितली. बाकी प्रत्येक तपशिलाच्या दोन तरी आवृत्त्या आहेत. हुमनाबादेत त्याला ओळखणारी जी चार म्हातारी माणसे भेटली, त्यांतल्या तिघांनी त्याचा उल्लेख ‘धूळतिप्पा’ असाच केला आणि चौथ्याने हे नाव तोंडातून निघताच जीभ चावली. हे नाव त्याला कोणी दिले आणि कोणी पुसले, एवढाच या टिपणाचा विषय आहे.

तो औराद तालुक्यातल्या चिंताकीचा. घर लिंगायत, धंदा तेलाच्या घाण्याचा. घरात कन्नड आणि वेशीबाहेर मराठी. घाण्याच्या बैलामागे फिरण्याचा कंटाळा येऊन विसाव्या वर्षी तो हुमनाबादजवळच्या एका जहागिरीत मोटारी धुवायला राहिला आणि चार वर्षांत त्याच मोटारी चालवू लागला. जहागिरीचे नाव वारसांच्या विनंतीवरून येथे गाळले आहे. जहागीरदार किशनराव देशमुख यांच्याजवळ दोन मोटारी होत्या. एक नवी, मोठी, पितळी दिव्यांची. तिला सगळे ‘मालकाची मोटार’ म्हणत. दुसरी जुनी फोर्ड, सामानाची आणि तिप्पण्णाची.

१९२९ च्या दसऱ्यानंतर हुमनाबाद ते बीदर अशी मोटारींची शर्यत ठरली. अंतर तीस मैलांचे. गाड्या मोजून तीन: मालकाच्या मोटारीवर किशनरावांचे जावई आप्पाराव, फोर्डवर तिप्पण्णा, आणि तिसरी हुमनाबादचे तुरीचे व्यापारी चनमल्लप्पा यांची, जी ते स्वतः चालवीत. कोणाला कोणाच्या पुढे जायचे होते, हे उघड होते. व्यापाऱ्याची मोटार जहागिरीच्या मोटारीआधी बीदरच्या वेशीत शिरणे किशनरावांना सहन होणारे नव्हते.

अडचण जावयाची होती. सरावाच्या दिवशी तिप्पण्णाने जुन्या फोर्डने आप्पारावांना दोनदा मागे टाकले होते, आणि दुसऱ्या वेळी तो हात हलवून हसलाही होता. चंद्रम्मा, तिप्पण्णाची थोरली मुलगी, म्हणते, “ते हसणंच महागात पडलं.”

शर्यतीच्या सकाळी किशनरावांनी तिप्पण्णाला मोटारखान्यात बोलावले. तेथे तिघेच होते: सासरा, जावई आणि तो. पुढचे संभाषण चंद्रम्माने बापाकडून इतक्या वेळा ऐकले होते, की सांगताना ती आवाजही बदलते.

“तिप्प्या, आज चनमल्लप्पा तुझ्या मागं राहिला पाहिजे. रस्ता अरुंद हाय. मधोमध चालव. धूळ खाऊ दे त्याला.”

“व्हय मालक.”

“आन आप्पाराव तुझ्या म्होरं.”

“त्यांची गाडी तापली तर?”

“तापली तरी.”

“मालक, रस्त्यावर हात सुटला की ध्यान राहत न्हाई.”

“म्हणूनच बोलावलंय. काढ लिंग.”

तिप्पण्णाने गळ्यातली करडगी, म्हणजे इष्टलिंगाची चांदीची डबी, उघडली आणि लिंग तळहातावर घेतले. किशनराव शब्द सांगत गेले, तो म्हणत गेला: आजपासून मालकाच्या मोटारीपुढे माझी मोटार जाणार नाही.

येथे थांबणे भाग आहे, कारण पुढचे सगळे या वाक्यात आहे. किशनरावांना एका दिवसाची शपथ हवी होती. पण ज्या घरात मालकाच्या घोड्यापुढे नोकराने घोडा काढायचा नाही हा दंडक पिढ्यान्‌पिढ्यांचा होता, तेथे ‘आजच्या दिवस’ असे शब्द जिभेवर येणेच शक्य नव्हते. ते ‘आजपासून’ म्हणाले. शपथ कधी संपणार, हे ठरवायचे राहून गेले.

शर्यत ठरल्याप्रमाणे झाली. हल्लीखेड मागे पडल्यावर रस्ता पठारावर चढतो आणि माती लाल होते. पाऊस उघडून पंधरवडा झालेला, धूळ पिठासारखी. आप्पारावांच्या गाडीचे पाणी उकळू लागले आणि ती बैलगाडीच्या वेगाने चालू लागली. तिच्या मागे तिप्पण्णा, रस्त्याच्या मधोमध, पायाखाली वेग असून पाय आखडून. त्याच्या मागे, लाल धुळीत आंधळे झालेले चनमल्लप्पा. चार मैल त्यांनी भोंगा वाजवला. पाचव्या मैलाला त्यांनी गाडी शेतातून काढून पुढे जाण्याचा प्रयत्न केला, तेव्हा चाक चरात गेले, गाडी कलंडली आणि त्यांचा उजवा हात कोपरात मोडला. तो पुढे कधीच सरळ झाला नाही.

आप्पाराव पहिले आले.

संध्याकाळी बीदरच्या वेशीजवळ पंचांसमोर चनमल्लप्पांच्या माणसांनी तक्रार केली. हात झोळीत घेऊन ते स्वतःही उभे होते. पंचांनी किशनरावांना विचारले, हा तुमचा हुकूम होता काय?

किशनराव म्हणाले, “माझ्या घरात असला हुकूम निघत न्हाई. ह्या तेल्याच्या अंगात मस्ती आली.”

तिप्पण्णा बोलला. आण घेतल्याचेही बोलला. लोक हसले. जहागीरदाराने नोकराला लिंगावर शपथ घालून मागे चालायला लावले, हे कोणालाही पटण्यासारखे वाटले नाही. मोटारखान्यात चौथा माणूस नव्हता, आणि आप्पाराव बक्षिसाच्या हाराशी चाळा करीत गप्प राहिले. किशनरावांनी तिप्पण्णाच्या छातीवरचा जहागिरीचा पितळी बिल्ला काढून घेतला, फोर्डचे इंजिन फिरवायचे लोखंडी हँडल त्याच्या खांद्यावर ठेवले आणि फर्मावले, की बीदरहून हुमनाबादेपर्यंत हे हँडल घेऊन पायी जायचे, गावोगावी थांबायचे आणि ‘मी शर्यतीत लबाडी केली’ असे म्हणायचे. दोन शिपाई सोबत दिले.

तो गेला. किती गावांत थांबला, याबद्दल एकवाक्यता नाही. चंद्रम्मा अकरा म्हणते, मला नकाशावर आठच सापडतात. हँडलाचे टोक घासून खांद्याला जखम झाली, तिचा वण मरेपर्यंत होता. ‘धूळतिप्पा’ हे नाव याच वाटेवर पडले.

दोन महिने त्याला कोणी काम दिले नाही. मग काम दिले ते चनमल्लप्पांनीच. त्यांनी हुमनाबाद-बीदर अशी प्रवासी मोटार सुरू केली होती आणि मोडक्या हाताने ती चालवणे त्यांना शक्य नव्हते. तिप्पण्णाने कामावर येण्याआधी पुन्हा एकदा खरे सांगितले. चनमल्लप्पा म्हणाले, “गाडी चांगली चालवतोस, ते माझ्या डोळ्यांत गेलंय. गोष्टी सांगू नको.”

त्यानंतरच्या चौदा वर्षांत एक गोष्ट त्या रस्त्यावरच्या प्रत्येकाने पाहिली होती. मालकाची मोटार पुढे दिसली, की तिप्पण्णा आपली गाडी मागे ठेवी. मोटार रस्त्यात कोणाशी बोलायला थांबली, तर हाही थांबे. उतारू चिडत. किशनरावांना मात्र हे फार आवडे. पाहुणे बरोबर असले, की ते मुद्दाम गाडी हळू करायला लावून मागे बोट दाखवीत: “बगा, बिल्ला काढून घेतला तरी अदब गेली न्हाई.” पाहुणे मान डोलवीत. तिप्पण्णा मागून भोंगाही वाजवीत नसे.

घरी तो काय म्हणत असे, हे चंद्रम्माला आठवते. “रस्ता एकच हाय. कवा ना कवा त्यो थांबंलच.”

चौदाव्या वर्षी चंद्रम्माची सोयरीक औरादच्या जगदेवप्पांच्या मुलाशी ठरत आली होती. सुपारी फुटायच्या आधी जगदेवप्पांचा निरोप आला: लबाडाच्या घरची मुलगी आमच्या पोरांना काय शिकवील? त्या दिवशी तिप्पण्णा जेवला नाही.

महिन्याभरात, म्हणजे जानेवारी १९४४ मध्ये, ती घटना घडली. युद्धामुळे पेट्रोल मिळत नव्हते. चनमल्लप्पांच्या गाडीला मागच्या बाजूस कोळशाची उभी भट्टी बसवली होती. तिच्या वायूवर गाडी चढाला धापा टाकीत चाले. किशनराव चोरट्या बाजारातले पेट्रोल घेत, ज्यात रॉकेल किती असेल ते विकणारालाच ठाऊक. हे रॉकेल तिप्पण्णाने मिसळवले, अशी एक कुजबूज हुमनाबादेत अजून ऐकू येते. तिला आधार सापडला नाही, आणि मालकाची मोटार त्याच सकाळी, त्याच जागी बंद पडेल हे कोणालाही ठरवता आले नसते.

त्या दिवशी बीदरात निजामाच्या सुभ्याचे अधिकारी, सुभेदारसाहेब, यांचे स्वागत होते आणि हार घालण्याचा मान किशनरावांचा होता. पठारावर, बीदर सात मैलांवर असताना, मोटार खोकली आणि रस्त्यात उभी राहिली. ड्रायव्हर इंजिनावरचे टोपण उघडून आत पाहू लागला. पाऊण तासाने मागून कोळशाची गाडी आली, उतारूंनी भरलेली, आणि मोटारीच्या दहा हात मागे थांबली.

उतारूंमध्ये कल्लप्पा होता, तेव्हा बावीस वर्षांचा, बीदरच्या कापडदुकानात नोकरीला. पुढचे त्याच्याकडून कळले आणि त्याचे म्हणणे पुढे येणाऱ्या एका कागदाशी जुळते.

किशनराव छडी टेकीत आले. “तिप्प्या, बरा आलास. पुढची जागा मोकळी कर. मला बीदरला पोचायचंय.”

“बसा की मालक.”

ते बसले. तिप्पण्णाने इंजिन बंद केले.

“कामून बंद केलास?”

“गाडी म्होरं न्हाई जायची.”

“काय बिघडलंय?”

“बिघडलं न्हाई काही. तुमची मोटार म्होरं हाय. तुमच्या मोटारीम्होरं म्या कसा जाऊ? लिंगाची आण हाय माझ्यावर. तुम्हीच घेतलाव.”

किशनरावांना क्षणभर काही आठवले नसावे. मग त्यांचा चेहरा बदलला, असे कल्लप्पा सांगतो. मागच्या बाकावर मल्लव्वा नावाची भाजीवाली होती. ती ओरडली, “अण्णा, माझी कोथमीर वाळायलीय! तुमची आण बाजार उठल्यावर पाळा.”

“अक्का, आण हाय, कोथमीर न्हाई. पाणी मारून ताजी होत न्हाई.”

एका उतारूने तोडगा काढला. “आपण सगळे मिळून मालकाची मोटार फिरवू. तिचं तोंड हुमनाबादकडं केलं, की तुमची गाडी तिच्या म्होरं कशी व्हईल? मागंच राहील की!”

तिप्पण्णाने थोडा विचार केल्यासारखे केले. “मग म्या तिच्या तोंडावरून जाईन. ते तर आनखी वाईट.”

उतारू हसले. किशनराव गाडीतून उतरले. “जा, सोडली आण. सोडली म्हणतो ना!”

“असं सुटत न्हाई मालक. आमच्या घरी रीत हाय. ज्यानं घेतली त्यानं चार माणसांत, घेताना जे बोलला ते बोलून, सोडायची. कामून घेतली तेबी सांगायचं. तवा म्या लिंग काढलं हुतं, आताबी काढतो.” आणि त्याने करडगीला हात घातला.

ही रीत किती जुनी होती, याविषयी शंका घेण्यास जागा आहे. चिंताकीत विचारले तेव्हा दोघांनी होय म्हटले, एकाला काही माहीत नव्हते. पण गाडीत पस्तीस माणसे होती आणि त्यांच्यासमोर त्या रीतीला खोटे म्हणायचे, तर आधी आण घेतल्याचे कबूल करावे लागले असते.

किशनरावांनी शेजारच्या शेतातून बैलजोडी मागवली. मोटारीला दोर बांधला, स्वतः आत बसले आणि म्हणाले, “चल, आता बस मागं बोंबलत.”

असे ते निघाले. पुढे बैल, त्यांच्यामागे पितळी दिव्यांची मोटार, तिच्यामागे दहा हातांवर कोळशाची गाडी. चौदा वर्षांत या मोटारीमागे कधी न वाजवलेला भोंगा त्या दिवशी तिप्पण्णाने प्रत्येक वस्तीपाशी वाजवला. लोक बाहेर येत. लोक विचारीत, मोटारीला काय झाले? मल्लव्वा खिडकीतून उत्तर देई, “मोटारीला काय झालं न्हाई. मालकानं शर्यतीत आण घेतली हुती, ती आता वडायलेत!” पोरे, बाया, हातातली कामे टाकून माणसे मागे चालू लागली. याच रस्त्याने, याच वस्त्यांतून, तिप्पण्णा हँडल घेऊन उलट दिशेने गेला होता. ज्यांनी तेव्हा पाहिले होते, त्यांतल्या काहींनी आताही पाहिले.

नौबादला पोचेपर्यंत दीडशे माणसे झाली. तेथून बीदर तीन मैल. पुढे रस्त्यावर तोरणे लागलेली, पोलीस उभे, शहरातली प्रतिष्ठित मंडळी टांग्यांतून येणारी. बैलांनी ओढलेल्या मोटारीतून, मागे हे लटांबर घेऊन, सुभेदारसाहेबांसमोर जाणे शक्य नव्हते. किशनराव खाली उतरले. हातात सुकत चाललेला हार होता.

“काय बोलायचंय?”

“ते तुम्हाला ठावं मालक. म्या सांगितलं तर लोक हसत्यात.”

तिप्पण्णाने लिंग तळहातावर घेतले. कल्लप्पाच्या म्हणण्याप्रमाणे किशनराव आधी पुटपुटले. गर्दीतून कोणीतरी म्हणाले, “ऐकू येईना!” तेव्हा ते ओरडलेच: “आजपासून मालकाच्या मोटारीपुढं माझी मोटार जाणार नाही, अशी आण मी घेतली याच्याकडून! आप्पाराव पुढं राहावेत म्हणून! चनमल्लप्पाला धुळीत ठेव म्हणून मीच सांगितलं! झालं? सोडली आण!”

“आन लबाडी कुणाची?”

किशनरावांनी बीदरकडे जाणाऱ्या टांग्यांकडे पाहिले.

“हुकूम माझा होता,” किशनराव म्हणाले.

तिप्पण्णाने लिंग कपाळाला लावले, करडगीत ठेवले, मागे जाऊन भट्टीत कोळसा घातला आणि इंजिन सुरू केले. किशनराव पायरीवर पाय ठेवायला आले. गाडी सुटली. कोळशाच्या गाडीला वेग घेणे कठीण. पण तिप्पण्णाने ती मोटारीच्या अंगावरून, रस्त्याच्या मऊ कडेने, मुद्दाम चाके धुळीत घालून काढली. कल्लप्पाने मागे वळून पाहिले तेव्हा मोटार, बैल आणि मालक यांतले काहीच दिसत नव्हते.

एवढी कथा केवळ कल्लप्पा आणि चंद्रम्मा यांच्या सांगण्यावर असती, तर ती येथे इतक्या खात्रीने लिहिता आली नसती. कल्लप्पा रंगवून सांगतो, आणि चंद्रम्मा तिप्पण्णाची मुलगी आहे. पण किशनरावांनी रागाच्या भरात स्वतःच पुरावा तयार केला. इस्फंदार १३५३ फसलीच्या, म्हणजे निजामी कालगणनेप्रमाणे त्याच जानेवारीतल्या, एका तारखेला त्यांनी तहसीलीत उर्दू अर्ज दिला: अमुक ड्रायव्हरने मला गाडीत घेतले नाही, लाल धुळीने माझा पोशाख खराब केला, मला तीन मैल पायी चालावे लागले आणि माझा मान दुसऱ्याने घेतला, सबब परवाना जप्त व्हावा. गाडी का थांबली, याचे कारण अर्जात देणे भाग होते. त्यांनी ते दिले. ‘शर्यतीच्या दिवशी मी त्याजकडून अशी शपथ घेतली होती, की त्याने माझ्या मोटारीपुढे जाऊ नये व व्यापाऱ्यास मागे रोखावे.’ खाली सही आहे. अर्जावरचा शेरा एका ओळीचा: शपथ अर्जदारानेच दिली, अर्जदारानेच सोडवली, कारवाईस जागा नाही.

तिप्पण्णाने या अर्जाची शिक्क्याची नक्कल काढली. चनमल्लप्पांनी ती कल्लप्पाकडून दोनदा वाचून घेतली. मग वाकड्या हाताने कागद धरून ते म्हणाले, “तिप्पण्णा, तू पयल्या दिवशीच सांगितला हुतास.”

“व्हय अप्पा.”

“म्या ऐकलं न्हाई.”

“न्हाई ऐकलाव.”

नक्कल गाडीत, परवान्याच्या शेजारी, दोन चुका, म्हणजे बारीक खिळे, मारून लावली गेली. ज्याला वाचता येत नसे, त्याला शेजारचा वाचून दाखवी. १९४८ मध्ये जहागीरदार कुटुंब गाव सोडून गेले तोपर्यंत ती तेथेच होती, असे कल्लप्पा आणि चंद्रम्मा दोघे सांगतात. कागदावर चुकांची दोन भोके आहेत आणि घड्यांत लाल माती आहे; एवढे मी स्वतः पाहिले आहे.

तो कागद आता चंद्रम्माच्या पेटीत असतो. तो दाखवताना तिने आणखी एक गोष्ट सांगितली, जी दुसऱ्या कोणी सांगितली नव्हती. नक्कल लागल्यावर पंधरा दिवसांत औरादचे जगदेवप्पा आले. सोयरीक पुन्हा जोडू म्हणाले. तिप्पण्णा त्यांना घरात न नेता गाडीपाशी घेऊन गेला.

“वाचा,” तो म्हणाला.

“वाचलंय मी, तिप्पण्णा.”

“मोठ्यांदा वाचा.”

अड्ड्यावरची माणसे जमली. जगदेवप्पांनी अर्ज पहिल्या ओळीपासून सहीपर्यंत, शेऱ्यासकट, मोठ्याने वाचला. पोराच्या लग्नासाठी आलेला माणूस. घाम पुशीत वाचत राहिला. संपल्यावर त्यांनी विचारले, “मग तिथी कधीची धरायची?”

तिप्पण्णा म्हणाला, “कशाची? ज्याला माझ्या शब्दापेक्षा मालकाची सही खरी वाटली, त्याच्या घरी माझी पोरगी जायची न्हाई.” आणि त्याने हँडल मारून गाडी सुरू केली.

चंद्रम्माचे लग्न पुढे दोन वर्षांनी भालकीकडे झाले. संसार बरा झाला, असे ती म्हणते. कागदाची घडी तिने जुन्याच रेषांवर घातली आणि पेटीचे झाकण लावण्याआधी म्हणाली:

“बापाचं बरोबर हुतं. त्यांना कुणीबी चूक म्हणणार न्हाई, म्याबी म्हणत न्हाई. पर औरादच्या जत्रेत म्या त्या पोराला बगितलं हुतं. चांगला हुता त्यो. मला कुणी इचारलंच न्हाई.”